रबरी सुरी

डलुथमध्ये, सरोवराच्या काठी,
जुन्या अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर
दर गुरुवारी मला वेड लागतं.
तासाला बावीस डॉलर, शिवाय दुपारचं सूप.

मुठीत रबरी सुरी, अंगात उलटा स्वेटर,
खोलीत एक सोफा आणि बंद टीव्ही,
त्यातून माझ्याशी कुणीतरी बोलतं, असं ठरलेलं.
दार वाजतं. पोलीस आत येतो,
दर वेळी नवा,
आणि दर वेळी तेच : ‘शांत व्हा, मॅडम!’
ओरडून शांत हो म्हटल्यानं
मांजरसुद्धा कधी शांत झालेलं नाही.

कोपऱ्यात हॅलोरन मास्तर वहीत खुणा करतात.
हात पट्ट्याकडे गेला.
वाट अडवून उभा राहिला.
दोघे एकदम बोलले.
‘पुन्हा,’ म्हणतात. मी पुन्हा वेडी होते.

वाक्यं मात्र माझी नाहीत.
‘भिंतीत पाणी बोलतंय’ हे आर्वोचं.
‘माझे बूट कुणी मोजले?’ हेही त्याचंच.
धाकटा भाऊ माझा.
त्या रात्री फोन मीच लावला,
म्हटलं येतील, समजूत घालतील, दवाखान्यात नेतील.
चार मिनिटांत आले.
सहाव्या मिनिटाला सगळं उरकलं होतं.
त्याच्या हातात चमचा होता.
इथं कुणाला सांगितलं नाही, पोटातच ठेवलंय.
अर्जात तशी जागा नव्हती.

आज एक टिबेट्स आला,
जाडगेला, जिना चढून धापा टाकत.
दारातच थांबला. टोपी काढली,
खांद्यावरचा रेडिओ बारीक केला.
‘मी एल्डन. तुम्हाला काय म्हणू?’
कागदावर माझं नाव डोना आहे.
तोंडातून निघालं, लॉर्ना.
‘भिंतीत पाणी बोलतंय,’ मी म्हणाले.
तो हसला नाही, भिंतीकडे वळलाही नाही.
‘मला नाही ऐकू येत. तुम्हाला येतंय.
रात्रभर चालत असेल तर झोप कुठली लागायला.’
आणि कण्हत, गुडघे सावरत
जमिनीवर बसला. लांब. दार मोकळं ठेवून.

मग नुसताच बसून राहिला.
खाली रस्त्यावरून बर्फ खरवडणारी गाडी गेली,
परत आली.
नऊ मिनिटं.
इतकी मिनिटं त्यांच्याजवळ असतात,
मला माहीत नव्हतं.

हॅलोरननी शिट्टी वाजवली. संपलं, छान झालं.
मागच्या बाकावर टाळ्या. कुणीतरी सुपाचं झाकण उघडलं.

एल्डन उठला नाही.
माझ्या मुठीकडे बघत होता,
तिच्यात रबर दुमडून दोन झालं होतं.

‘घाई नाही,’ म्हणाला.