जवळचा नंबर

एकतीस मार्चला संध्याकाळी सहा वाजता
माझे तीन हजार एकशे चाळीस रुपये मरतात.
करमुक्त पैसे, आरोग्याच्या खात्यातले,
माझ्याच पगारातून वर्षभर बाजूला पडलेले,
पण दुखल्याशिवाय हाताला लागत नाहीत.
यंदा काही दुखलं नाही.
चुकलंच.

कुंडईच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मी बिलं तपासते.
कुणाची साखर, कुणाच्या गुडघ्याचा पट्टा,
पॅकिंगमधल्या कुठल्या मुलीने
जानेवारीत फॉलिक अॅसिड सुरू केलं,
तिच्या सासूच्या आधी मला कळतं.
चष्मा चालतो, गॉगल चालत नाही.
मलम चालतं, क्रीम चालत नाही.
च्यवनप्राशवर तीन वर्षं पत्रव्यवहार झाला.
कायतान रिबेलो फोर्कलिफ्टवरून उतरून
दर मार्चात गंभीरपणे विचारतो,
"बाय, हुर्राक खोकल्यात धरतात?"
मी तितक्याच गंभीरपणे सांगते,
डॉक्टरची चिठ्ठी आण.

तर मी फोंड्याला उतरले, दुखणं विकत घ्यायला.
शिगम्याच्या मिरवणुकीसाठी रस्ता अडवलेला,
ढोलांनी केंकऱ्यांच्या दुकानाच्या काचा थरथरत होत्या
आणि आत अर्धा कारखाना,
धडधाकट माणसं,
हातात मानेचे पट्टे, वाफेची यंत्रं,
रक्तदाब मोजायची एक पेटी तर दोघांनी दोन टोकांनी धरलेली.
मला बघून सगळे जरा खोकले.

थर्मामीटर घेतला. घरी दोन आहेत.
गरम पाण्याची पिशवी घेतली, तांबडी,
कुणाच्या पाठीसाठी ते ठरवलं नाही.
केंकरे मान न उचलता म्हणाले,
"शांपू हवा तर घ्या, कॅल्शियम लिहितो."
मग मान उचलली,
आणि त्यांनी जीभ चावली.
मी पिशवी परत ठेवली. थर्मामीटरही.

शेजारच्या चष्म्यांच्या दुकानातून कायतानने हाक मारली.
त्याच्या हातात बिल, दोन हजार सहाशे.
रुग्ण: आपोलोनिया. वय: एक्याऐंशी.
नातं: शेजार.

फॉर्मवर पती आहे, पत्नी आहे, आई, वडील,
पंचविशीच्या आतली मुलं आहेत.
शेजाराला रकाना नाही.
तसं मी त्याला सांगितलं,
एकोणीस वर्षांच्या आवाजात.
"तिला तांदळातले खडे दिसत नाहीत, बाय."
"मग?"
"मग काय? ती पेज मी खातो.
आता आश्रित कोण ते तूच लिही."

बाहेर एक घोडेमोडणीवाला
कमरेचा लाकडी घोडा सोडून
गटाराच्या कठड्यावर बसून सोडा पीत होता.
सहाला वीस मिनिटं कमी होती.
मी मनातल्या मनात सगळी कलमं चाळली,
पोटकलमं, शेवटच्या पानावरची तळटीपसुद्धा.
शेवटी दुकानदाराला म्हटलं,
बिल फाडा, नवं करा.
रुग्ण: स्वतः.
तक्रार: जवळचं दिसत नाही.

हे माझं पहिलं खोटं बिल.
सही करताना हात कापला नाही,
याची मात्र थोडी भीती वाटली.
उरलेले पाचशे चाळीस सहा वाजता मेले.
कायतानचे सगळेच मेले,
त्याने त्यांच्या नावाने टोपी काढली.

एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी
माझ्या टेबलावर बिमलांच्या लोणच्याची बाटली आली.
सोबत बिल नव्हतं.
झाकणावर एक कागद दोऱ्याने बांधलेला,
त्यावर रोमी अक्षरांत, वाकड्यातिकड्या, बारीक,
तिने स्वतः लिहिलेलं काहीतरी.
मी कागद डोळ्यांपाशी धरला,
मग जरा लांब,
मग हात पुरेल तितका लांब.