कल

इंदुरात, लोकमान्य नगरच्या मागल्या हिरवळीवर
हा चेंडू सरळ जातच नाही.
एका कुशीला जड. त्याच्या कलानं घ्यावं लागतं.

"काकू, पिवळ्याकडे बघूच नका,"
अकरा वर्षांची शाल्मली बजावते,
"त्या नळाकडे टाका. येतो मग आपसूक."

गुडघा बदललेली मी, बेतानं वाकते,
नळाकडे सोडते.
रुसल्यासारखा जातो, दूर, आणखी दूर,
आणि
वळतो.

खासगीवाले, वय ब्याऐंशी, शिवणाची टेप घेऊन
गवतावर पालथे.
उठवायला दोघं लागतील.
"दीड बोटाचा फरक," शाल्मली.
"पण बोट कुणाचं?"

दोघं आपापली तर्जनी
फटीत घालून बघतात.

चहा गार होऊन राहिलाय.
माझा निकाल अजून
त्या दोन बोटांमध्ये.