रिकामी किटली

आमच्या गावात चालायला कारण लागतं.
पाय आहेत, वाट आहे,
एवढ्यावर भागत नाही.
उंबरा ओलांडला की पहिल्याच कट्ट्यावरून
नागोजी विचारतो, "कुठं जाऊलाय बाई?"
ह्यावर "कुठं नाही" असं उत्तर
अजून गावात कुणी दिलेलं नाही.

तीस वर्षं अंगणवाडीत मी
पोरांची वजनं केली, तांदळाची पोती मोजली,
दारोदार फिरले. तेव्हा विचारत नव्हतं कुणी.
आता निवृत्त. गुडघा दाबून बघत
बेळगावचा डॉक्टर म्हणाला,
रोज अर्धा तास. सपाट. सावकाश.
म्हणून हातात किटली घेते.
ॲल्युमिनियमची, झाकण सुतळीनं बांधलेलं.
किटली दिसली की लोक आपापलं समजून घेतात:
दूध असेल. ताक असेल.
कुणाची म्हैस व्यालेली असेल.

सगळ्यात सोपी तळ्याची वाट.
रताळ्याच्या वेलांमधून, बांधाबांधानं,
चपला इतक्या लाल होतात
की सून बघूनच म्हणते, आज तळं वाटतं.
मोटारीच्या खोलीवर कोळशानं
कुणीतरी हिशोब मांडलाय: पोती, दर, हमाली.
बेरजेत हातचा एक राहिलाय.
रोज ठरवते, उद्या दुरुस्त करायचा.
रोज कोळसा विसरते.

दुसरी काजूच्या माळावरची.
तिथं थोडा चढ आहे, पण लबाड नाही,
समोरून येतो, सांगून येतो.
मोहोराच्या दिवसांत वासानंच धाप लागते
आणि दोष गुडघ्यावर जातो.
वर गेलं की वैजनाथाचा डोंगर,
रवंथ करत बसलेल्या बैलासारखा,
आपल्याकडं पाठ करून.

तिसरी शिनोळीच्या अंगाची.
निम्म्यात आलं की मोबाइल थरथरतो,
महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.
चप्पल विसरली म्हणून चार पावलं मागं यावं,
तर कर्नाटक स्वागत करतं.
एवढं स्वागत माझं लग्नातसुद्धा झालं नव्हतं.
तिथं एक बाभळ आहे. तिची सावली
सकाळी तिकडं पडते, संध्याकाळी इकडं.
खालच्या दगडावर कसला तरी आकडा होता,
शेरडांनी अंग घासून घासून पुसलाय.

त्याच दगडाशी कल्लव्वा भेटते.
"यल्लिगे होंटी, अक्का?"
मी किटली उचलून दाखवते.
ती काखेतलं पोतं दाखवते,
त्यातून विळ्याची मूठ डोकावते.
गवताला निघालेली बाई, म्हणायचं, आणि पुढं व्हायचं.
असं अकरा महिने.

परवा पाय घसरला.
मी नाही पडले, किटली पडली,
ठणठणत उतारानं गेली, झाकण निराळं,
आणि तिच्यातून बाहेर आलं
काहीच नाही. एक वाळका मुंगळा.
कल्लव्वानं मुंगळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं,
मग पोत्यात हात घालून
विळा बाहेर काढला.
नुसती मूठ. पातं नव्हतं.
"डॉक्टर," ती म्हणाली, आणि कंबर दाखवली.

आम्ही बाभळीखाली बसलो.
सावली तेव्हा कुणाच्या हद्दीत होती
बघायचं राहून गेलं.

परत येताना नागोजी कट्ट्यावर होताच.
"मिळालं काय दूध?"
म्हटलं, म्हैस रुसलीय.
"वर्ष झालं की वो तिला रुसून,"
तो म्हणाला, आणि काठी टेकत उठला.
"उद्या थांबा जरा माझ्यासाठी.
मी पण बघून येतो तिला."

आज सकाळी त्याच्या दारात उभी आहे.
आतून भांड्यांचा आवाज येतोय,
एक पडतं, एक उचललं जातं,
बायको ओरडतेय, काय पाहिजे तुम्हाला?
आणि म्हाताऱ्याला अजून
पुरेसं रिकामं काही सापडत नाही.