रुमालाखाली

बाबगोंडा मामांचा उजवा हात रुमालाखाली असायचा
आणि नजर भलतीकडेच, चिंचेच्या झाडावर वगैरे.
व्यापारी त्या अंधारात हात घाली,
दोन बोटं दाबी, मग एक पेर.
मामा म्हणत, हं.
पोत्यावर भाव लिहिलेला नसे,
तोंडानं उच्चारलेला नसे,
तरी संध्याकाळी पट्टी जुळायची, पैशाला पैसा.

सांगलीच्या मार्केट यार्डात, त्याच गाळ्याच्या माळ्यावर
मी आता पट्टीचा प्रोग्राम लिहिते.
खाली राजापुरी हळद, वर लॅपटॉपच्या फटींत तिचा धुरळा.
काट्याकडून वजन घे.
त्याला भाव लाव.
अडत काढ, हमाली काढ, तोलाई काढ,
उरेल ते शेतकऱ्याच्या खात्यावर टाक.
ओळीखाली ओळ, प्रत्येकीला वरची हवी.
कोण आकडा, कोण अक्षर, मी कुठेच लिहिलेलं नाही.

कंपायलर रुमाल पसरतो.
वजनाला म्हणतो, समजा तू क्ष. भावाला, समजा तू य.
पुढे गुणाकार दिसतो. एक बोट दाबलं गेलं: दोघेही आकडे.
काटा कधी उत्तरच देत नाही,
म्हणजे वजन आलं तर आलं, 'कदाचित'च्या पुडीत. दुसरं बोट.
मग खालच्या साऱ्या ओळी त्याच पुडीत,
हळदीच्या गोदामात शिरलेल्या माणसासारख्या:
जाताना सदरा पांढरा, येताना पिवळा,
मधे कुणी रंगवला असं नाही.

काल रात्री नवव्या ओळीखाली लाल रेघ.
इथे कदाचित हवं, आलीये यादी.
नववी ओळ म्हणजे खातं शोधणारी. खातं असेल, नसेल,
तिचं कदाचित असणं बरोबरच.
मी तिलाच अकरा वेळा खोडलं, अकरा वेळा लिहिलं.
माझं नेहमीचं, पी हळद हो गोरी.

मामा थर्मास घेऊन वर आले. स्क्रीनकडे पाहिलंही नाही.
"पट्टी खाली फुटती, पोरी, पण चुकती वर.
पहिल्या ओळीपास्नं बघत ये."

पहिल्या ओळीत मी एका पोत्याचं नव्हे,
अख्ख्या थप्पीतल्या पोत्यांची वजनं मागितलेली.
मधल्या ओळींना कुठलीही पुडी चालत होती,
त्यांनी यादी गुमान पुढे सरकवली.
नववी तेवढी बोलली, आणि मार तिने खाल्ला.

"ह्याला कळतं कसं," मामांनी विचारलं, "कुणी न सांगता?"
मी म्हटलं, तुम्हाला कळायचं तसंच.
ते हसले नाहीत. लिलाव आता उघडा होतो,
रुमाल थर्मासला गुंडाळलेला असतो.
तो त्यांनी सोडला, माझ्या हातावर टाकला,
खालून दोन बोटं दाबली, मग एक पेर,
मग जरा थांबून अंगठा.
"सांग."
मी आकडा सांगितला.
मामा म्हणाले, हं.

बरोबर की चूक, ते त्या हं-च्या
आधीच्या ओळींत असणार.
मी वरनं बघत येतेय.