पारड्याखाली

एकतीस वर्षं मी लोकांची वजनं तपासली.
तुर्भ्याच्या बाजारात, कांदा-बटाट्याच्या गाळ्यांत,
पारडं खालून बोटांनी चाचपायचो.
चिंचेचा गोळा सापडे, कधी लोहचुंबक,
एकदा तर च्युइंगमनं चिकटवलेली चवली.
चोरीलाही तेव्हा वजन होतं.
हातात घेता यायची,
कागदात गुंडाळून, लाख लावून
कोर्टात नेता यायची.

काल रात्री कोपरखैरण्यात, तिसऱ्या मजल्यावर,
आम्ही दोन फोन शेजारी शेजारी ठेवले.
सुनेचा नवा, माझा काच तडकलेला.
तीच पाव किलो भेंडी, तोच पत्ता,
तेच नऊ वाजून दहा.
तिला एकोणतीस, मला चोवीस.
शर्वरी हसली :
"बाबा, तुम्ही गरीब दिसता त्याला."
मी फोन उलटा केला,
खालून चाचपला.
सवय.
गुळगुळीत होता. काहीच चिकटवलेलं नव्हतं.

बिल वाचायला चष्मा लागतो, आणि धीर.
हाताळणी शुल्क : हात कुणाचा ते लिहिलेलं नाही.
प्लॅटफॉर्म फी : गाडी कुठली ते विचारायचं नाही.
थोडंच घेतलं म्हणून दंड वेगळा,
आणि सगळ्यात खाली, हिरव्या अक्षरांत,
'अभिनंदन! आज तुम्ही बावन्न रुपये वाचवलेत.'
असे वाचवलेले बावन्न-बावन्न
एवढ्या वर्षांत कुठे साठले असतील,
बँकेत जाऊन विचारून आलो.
त्यांच्याकडे नाहीत.

दारावरचा कॅमेरा 'आजीवन सेवा' म्हणून घेतला होता.
दीड वर्षात कंपनी गेली.
आजीवन होतं ते खरंच,
कुणाचं जीवन ते आम्हीच विचारलं नाही.
आता तो डोळा उघडा असतो, बघत काही नाही.
दूधवाला मात्र अजून
त्याच्यासमोर भांग नीट करतो.

जुन्याचे गोडवे मी गाणार नाही.
गाळ्यावर पाकिटं पुढे यायची.
तीनदा परत केली.
चौथ्यांदा काय झालं
ते शर्वरीला सांगितलेलं नाही.
पण दांडी मारणारा मला ओळखू यायचा.
दांडीच्या आधी त्याची करंगळी हलायची,
आणि करंगळीच्या आधी नजर.
ह्यांची करंगळी कुठल्या गावात आहे?
कुणाच्या नजरेत नजर घालून म्हणू,
उचल, परत तोल?

आज सकाळी पिशवी घेऊन खाली उतरलो.
नामीबाई म्हात्रे फुटपाथवर,
अजून दांडीचा तराजू, लोखंडी वजनं,
शिक्क्याची मुदत कधीच संपलेली.
माझ्यातला निरीक्षक खाकरला.
मी त्याला गप्प बसवलं.
पैसे फोननं दिले. तिच्या मांडीजवळचा डबा
बाईच्या आवाजात ओरडला, पंचवीस रुपये मिळाले.
"महिन्याचं सव्वाशे घेतात याचं," ती म्हणाली,
"बोलतो डबा, न भाडा मना!"
आणि वर दोन भेंड्या टाकल्या,
ठसक्यात, सगळ्यांना दिसतील अशा.

घरी आल्यावर कपाटातला काटा काढला.
रिटायर होताना ऑफिसनं दिलेला, पितळी.
फडक्यानं पुसला, काटा मधोमध येईपर्यंत
हलक्या पारड्यात तांदळाचे चार दाणे घातले पासंगाला,
मग भेंडी.

दोनशे चाळीस.
वरच्या दोन धरून.

दहा ग्रॅम!
शर्वरी चहा घेऊन आली तर मी हसत होतो.
"काय झालं, बाबा?"
"दहा ग्रॅम मारले तिनं," मी म्हटलं, "मोजता आले बघ."

उद्या पुन्हा जाईन. भेंडी नको असली तरी.
ती सुट्टे शोधायला वळली
की हळूच बोटं घालीन पारड्याखाली.
काहीतरी असेलच तिथे.