साडेचार सूत

मे महिना, शेहेचाळीस अंश.
लोहापुलाजवळच्या माझ्या टपरीत
पोट्टीनं पिशवीतून काढले
बुटाले जोडलेले दोन सुरे.
"काका, याले धार लावता येते का?"

मी म्हटलं, धार तं मी कशालेही लावतो.
न्हाव्याचा वस्तरा, दवाखान्यातल्या कैच्या,
काटोलच्या माळ्याचा डोळा भरायचा चाकू.
पण हे कापते काय?
"काही नाई कापत.
याच्यावर उभं रायचं. बर्फावर."

श्रावस्ती गजभिये, इंदोऱ्याची.
चाकाच्या स्केटवर हॉकी शिकली
शाळेच्या सिमेंटवर, गुडघे सोलून.
आता डेहराडूनले शिबिर, आणि हे बूट
कोण्या लडाखी पोरीचे जुने,
एक नंबर मोठे, बोटापाशी कापूस भरलेला.

पातं डोळ्याजवळ धरलं.
टोक नाई. मधात नाली,
दोहीकडे दोन काठ.
चाळीस वर्ष मी लोखंड घासत घासत
एका रेघेवर आणून सोडलं,
इथं तं ती रेघच खरवडून काढायची
आणि जे उरंल त्यावर पोरीनं पळायचं.

"किती खोल पायजे?"
"सगळ्यात खोल. तीन अष्टमांश.
टीमची पोरगी सांगे, मंग घसरत नाई."
म्हंजे तीन सूत.
"वजन किती तुहं?"
"एकेचाळीस."
"अन् तिथला बर्फ कसा? फरशीवानी, का गोळ्यावानी?"
तिले माहीत नोतं.
मले कुठून असंल?

कॉटन मार्केटातून अर्धी लादी आणली,
गोणपाटात गुंडाळून, सायकलवर, थेंबाथेंबाचा रस्ता मागं सोडत.
डाव्याले तीन सूत लावले, उजव्याले सहा.
ती माह्या खांद्याले धरून चढली.
समोरचा पंक्चरवाला आला, दोन रिक्षावाले आले,
एकानं इचारलं, "शूटिंग हाय का बे?"

डावा रुतला तो रुतलाच,
कुत्र्यानं धोतर धरावं तसा.
उजवा सटकला,
उधारीवाला गल्लीतून सटकते तसा,
आणि ती बसली थेट माह्या पाण्याच्या बादलीत.
हसली. उठली.
"एकानं निंघता येत नाई, एकानं थांबता येत नाई.
मधलं लावा न काका."

मधलं म्हंजे साडेचार.
हिऱ्याच्या टोकानं दगडाले गोलाई दिली,
तेलाचा एक थेंब,
टाचेपासून चवड्यापर्यंत हलक्या हातानं.
इथं जोर लावला का गेलं काम,
हे मले कोणी शिकवलं नोतं,
हातालेच समजलं.
नखावर फिरवून पाह्यलं. पांढरा भुगा निंघाला.

मंग काठांवर आडवं ठेवलं पाच रुपयाचं नाणं,
बाजूले गुण्या लावला.
डावं नाणं सरळ.
उजवं केसभर बाहेर झुकलं.
केसभरच.
अजून एक हात मारला असता,
तेवढ्यात लाईन गेली.
सातची गाडी होती तिची.
लादीची आता नुसती वीट उरली होती,
पाणी नालीत चाललं होतं.
साठ रुपये घेतले. लादीचे नाई लावले.

बाराव्या दिवशी फोन आला,
मागं पोरींचा गलका, काठ्यांची खटखट.
"काका, सगळे म्हणून राह्यले,
डावीकडं मी लय भारी वळते.
उजवीकडं पडते पण.
सर म्हंते, सवय करा."

उजव्याचा आतला काठ उंच,
म्हणून डावीकडं धरते.
मले माहीत होतं.
तोंडावर आलं, गिळलं.
म्हटलं, "आली का बूट घेऊन ये.
फुकट पाहून देतो."

"फुकट काऊन?" ती म्हणे.
"गोल तं डावीकडूनच झाला."