झाकणावरचं नाव

भोपळे चौकातून आत वळलं
की सायकलच्या दुकानामागे एक खोली होती.
उजागरे मास्तर तिथे काडतुसं भरायचे,
रीतसर परवाना भिंतीवर, काचेत.
शेजारी येशूची तसबीर. तिच्यापुढे मेणबत्ती नाही.
"तो समजून घेतो," म्हणायचे.

मी एकोणीस वर्षांचा, खडकीहून सायकल मारत गेलो.
त्यांनी माझा नायलॉनचा शर्ट बघितला
आणि परत पाठवलं.
दुसऱ्या दिवशी सुती घालून गेलो
तर हातात झाडू दिला.
तीन आठवडे फक्त झाडू.

मग तराजू. काचेच्या पेटीतला,
सोनाराकडे असतो तसा.
पंखा बंद, खिडकी बंद, मे महिना.
"काटा शून्यावर आहे का?"
आहे.
"मघाशी होता. आत्ता बघ."

मेजावर एका वेळी एकच डबा.
दुसरा काढायचा तर पहिला आधी कपाटात,
कपाटाला कुलूप, किल्ली त्यांच्या खिशात.
बाराबोरची चपट्या चकत्यांसारखी,
पिस्तुलाची बारीक, काळ्या खसखशीसारखी.
एकदा म्हणालो, मला आता नुसत्या नजरेनं ओळखते.
मास्तरांनी डावा हात वर केला,
अंगठा असायला हवा होता ती जागा दाखवली.
"यालाही ओळखायची."

फळीवर पन्नास पुंगळ्या.
गोळ्या बसवण्याआधी उजेडात धरून
एकेकीत डोकवायचं:
एकही उपाशी नको,
एकही दोनदा जेवलेली नको.
मध्येच कुणी हाक मारली, फोन वाजला,
की सगळी फळी रिकामी, पुन्हा पहिलीपासून.
"पण मला आठवतंय ना, बाविसावी झाली होती."
"आठवण हे माप नव्हे."

एका दुपारी सॅलिसबरी पार्कातून
विमलाताई जगदाळे रिक्षानं आल्या.
मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला डबा.
"यांचा आहे. नातू पहिल्यांदा स्पर्धेला उतरतोय,
यातली पंचवीस भरून द्या."
झाकणावर निळ्या शाईत नाव,
वळणदार, रेषेत, फौजी अक्षर.

मास्तरांनी झाकण जरासं उचललं.
आंबट वास. कडेला तांबूस धूळ.
झाकण लावलं.
"झाकणावर आहे ते झाकणाचं नाव, ताई.
आतलं कोण आहे, मला माहीत नाही."
"तीस वर्षं नेम धरला त्यांनी. ते चुकायचे नाहीत."
"ते नसतील चुकले," मास्तर म्हणाले,
आणि बराच वेळ
पुढचं वाक्य त्यांना सापडलं नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं त्यांच्या बागेत होतो.
ओल्या मातीवर मास्तर चिमटीनं,
रांगोळी घालायला शिकणाऱ्या पोरासारखे,
विरळ विरळ पसरत गेले.
वर पाणी. पुन्हा पाणी.
विमलाताई पायरीवर बसून
रिकामं झाकण पदरानं पुसत होत्या,
अक्षराला धक्का न लावता.

आता मास्तर नाहीत, खोलीत मोबाईलची कव्हरं मिळतात.
मी निवृत्त. स्वयंपाकघरातल्या एकूण एक बरणीवर
माझ्या हातच्या चिठ्ठ्या, तारखेसकट.
बायको विचारते, "साखर काय
मीठ म्हणून घातली तर फुटणार आहे?"
फुटणार नाही.
पण तिने जुन्या डब्यात नवी डाळ ओतली
की मी अजून उठतो,
आधीची चिठ्ठी ओली करून
नखानं खरवडून काढतो.